भागीरथीवरची पिंपं

आमचं मूळ गाव तिकडं जालन्याकडं, पण ते नुसतं सांगण्यापुरतं. मी जन्मलो कल्याणात, बाप मार्केटात हमाल होता आणि आई वीटभट्टीवर विटा वाहायची, भागीरथी तिचं नाव, आणि तेच नाव मी पुढे गाडीवर घातलं. आधी क्लीनर होतो, मग ड्रायव्हर झालो, मग स्वतःचा जुना ट्रक घेतला, पेंटरला बोललो आईचं नाव घाल समोर मोठ्या अक्षरात, तो बोलला अहो समोर देवाचं घालतात, मी बोललो मग मी दुसरं काय सांगतोय? आईने बघितलं, रडली, आणि लगेच बोलली अक्षर वाकडं आलंय रे. वाचता कुठं येत होतं तिला, पण नावं ठेवल्याशिवाय आमच्यात कोणाला चैन पडत नाही.

दरसाल चौदा एप्रिलच्या जयंतीला आमच्या चाळीची मिरवणूक त्याच गाडीवरनं निघायची. मधे मूर्ती, बाजूला पोरी पांढऱ्या साड्या नेसून, आणि स्टेअरिंगवर मी, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. वर्षभर मी रेती, विटा, भंगार काय वाट्टेल ते वाहायचो, पण तो एक दिवस, काय सांगू तुम्हाला, लहान होऊन आईच्या कडेवर बसल्यासारखं वाटायचं. आई गेली तरी ते सुटलं नाही.

आता पिंपांचं सांगतो. ऑफिसांची नावं नका लिहू, माणसं रिटायर झाली, आणि खरं सांगू, कुठल्या ऑफिसने काय केलं यात माझा आजपण घोळ होतो. शांता, आमची मंडळी, मला मधेमधे दुरुस्त करते, पण तिचापण होतो.

नव्वदच्या पुढची गोष्ट, आम्ही तेव्हा डोंबिवलीच्या बाजूला चाळीत राहायला आलेलो. चाळीमागं नाला, त्याच्या काठी कोणीतरी केमिकलची पिंपं आणून टाकलेली, कोणी टाकली पत्ता नाही. ती गंजून गळायला लागली, पोरांचे डोळे चुरचुरायचे, चाळीतल्या एकाने तर एक पिंप ओतून रिकामं केलं पाणी साठवायला, नळ एक दिवसाआड यायचा ना, तर त्याचे हात कोपरापर्यंत भाजले. मग तक्रारी. पालिकेत गेलो, ते बोलले केमिकल आहे, प्रदूषणवाल्यांकडे जा. प्रदूषणवाले बोलले कारखान्याचा माल दिसतोय, औद्योगिक वसाहतीच्या ऑफिसात जा. वसाहतवाले बोलले नाला आमच्या हद्दीत नाही, पालिकेत जा. आई जेऊ घालीना, बाप भीक मागू देईना.

आणि एक दिवस अचानक पालिकेचा माणूस माझ्याच दारात, की गाडी काढ, वरनं ऑर्डर आली, पिंपं उचलायची आणि शीळफाट्याच्या पुढं वसाहतीचं कुंपण घातलेलं मैदान आहे तिथं टाकायची. मला तर आनंदच झाला, आपल्याच चाळीचं काम. हमालांनी तोंडाला फडकी बांधून भरली पिंपं. मी मैदानाच्या गेटवर जाऊन हॉर्न मारला, तर आतला साहेब बोलला कोणी पाठवलं तुला? मी बोललो पालिकेने. तो बोलला आम्हाला कोणी काय कळवलेलं नाही, प्रदूषणवाल्यांची चिठ्ठी आण.

आता भरलेली गाडी घेऊन गावभर कुठं फिरू? शीळफाट्याला एका ढाब्यामागं लावली आणि बसने ठाण्याला गेलो, खोपटला उतरून चालत त्यांच्या ऑफिसात. तिथला साहेब बोलला आम्ही पालिकेला उचला एवढंच सांगितलेलं, कुठं टाका ते सांगितलेलंच नाही. मी बोललो साहेब, उचललेली वस्तू कुठंतरी ठेवावी लागते ना? तो बोलला ते पालिकेला विचार. पालिकेत गेलो, तर ते बोलले आम्ही उचलली, आमची हद्द साफ झाली, आता तू परत नाल्यावर टाकलीस तर केस तुझ्यावर. माझं डोकंच आऊट झालं. टाकणारा सुटला, सांगणारा सुटला, आणि केस माझ्यावर! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

गाडी तशीच उभी. ढाबेवाला रोज शिव्या घालायचा, गिऱ्हाईक नाक धरून जातं बोलायचा, आणि त्याचं चुकत नव्हतं. एक पिंप गळून गाडीच्या तळाची फळी करपली, लाकडाला भोक पडलं. शांता डबा घेऊन यायची, लांब बसून जेवायचो दोघं, धंदा बंद. समोर भागीरथी लिहिलेलं आणि पाठीवर कोणाचं तरी विष. जन्मभर तिने दुसऱ्याच्या विटा वाहिल्या, मेल्यावर हे वाहायला लावलं मी तिला. मी रडलो तिथं, लाज कसली.

जयंती तोंडावर आली. मंडळात कोणी बोललं यंदा दुसरी गाडी बघू. त्यावर कमलमावशी, म्हणजे आमच्या मंडळाच्या अध्यक्षीण, बाजारात भाजी विकायच्या, आवाज असा की अर्ध्या मार्केटला ऐकू जावा, त्या उसळल्या, दुसरी गाडी कशाला, भागीरथी काय मेली? आणि दरसाल पोलीस ठाण्यात मिरवणुकीच्या परवानगीची मीटिंग असते तिथं मला घेऊन गेल्या. तिथं इन्स्पेक्टर साहेब सगळ्यांना एकदम बोलावतो, वायरी उचलणारे लाइटवाले, खड्डे बुजवणारे रस्तेवाले, म्हणजे त्या दिवशी अडचण नको. त्याने नेहमीसारखं विचारलं, गाडी तयार आहे ना? मावशी बोलल्या गाडी शीळफाट्याला विष घेऊन उभी आहे साहेब, तुम्ही वायरवाल्याला बोलावता, खड्डेवाल्याला बोलावता, तसं पालिका, प्रदूषण, वसाहत, त्या तिघांनापण बोलवा, गाडी मोकळी नाही तर मिरवणूक नाही, आम्ही सगळे इथंच येऊन बसतो, चहा तेवढा पाजा.

साहेबाचा चेहराच पडला. जयंतीची मिरवणूक अडली म्हणजे काय, ते त्याला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. फोन उचलला, आणि दुसऱ्या दिवशी तिन्ही ऑफिसांचे साहेब एका बाकावर. मी भिंतीला टेकून उभा, आणि ऐकतोय ते मला समजेना. प्रदूषणवाला बोलतो एक भट्टीची कंपनी माल जाळायला कधीची तयार आहे, पण तिथवर नेणार कोण? वसाहतवाला बोलतो आमच्याकडे तसली गाडी आहे, हातमोजेवाली माणसं बसून आहेत, पण न्यायचं कुठं ते कोण सांगतं? पालिकावाला बोलतो आम्ही तर उचलून बसलोय! सगळं होतं हो, वेगवेगळ्या खोल्यांत होतं. इन्स्पेक्टर बोलला मग अडलंय कुठं? तेवढ्यात चहा आला, सगळ्यांनी चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पिंपं वसाहतीच्या गाडीतनं भट्टीकडं गेली. आमच्या बायकांनी गाडी धुतली, किती धुतली, तरी वास थोडा राहिलाच, भोकावर पत्रा मारला आणि त्यावर मूर्ती बसवली. स्टेजवर मंडळाने तिन्ही साहेबांना शाल-नारळ दिला, आणि तिघंही माईकवर बोलले की आमच्या खात्याने हे काम केलं. मी तिन्ही वेळेला टाळ्या वाजवल्या. शांता बोलली अहो कोणासाठी वाजवताय? मी बोललो मला काय माहीत, गाडी सुटली ना.

आता गाडी भंगारात गेली, माझे गुडघे गेले, मावशीपण गेल्या. पुढची पाटी तेवढी काढून आणली, ती बघा भिंतीवर, अक्षर वाकडं आहे खरंच. तुमचं भलं होवो, एवढं ऐकून घेतलंत. पण तुम्ही शिकलेले, मला एवढं सांगून जा. नाल्यावर होती तेव्हा ती पिंपं कोणाचीच नव्हती, भट्टीत गेली तेव्हा तिघांची झाली. मग मधे शीळफाट्यावर माझ्या आईच्या पाठीवर होती, तेव्हा कोणाची होती हो?