शेरीभर तुळशी

भागीरथी : अहो, सिमेंट ओलं आहे अजून. तुळस कालच लावली हे पालिकेच्या साहेबाला लगेच कळेल.

चिंधा : कळू दे. तुळशीला हात लावायची त्याची छाती व्हायची नाही. शेरीकडे बघ जरा, गल्लीभर तेच. भगवानच्या ओट्यावर तुळस, पंडितच्या ओट्यावर तुळस. डोकं कोणाचं चाललं?

भागीरथी : तुमचं. सकाळपासून तेच ऐकतेय.

चिंधा : बुलडोझर नवागामच्या रस्त्याला लागलाय. गटारावरचे सगळे ओटे तोडत येतोय. आपल्यापाशी आला की तू कुंकू वाहा अन् डोळे मीट. मी शंख फुंकतो.

भागीरथी : तुम्हाला कुठे येतो शंख वाजवता?

चिंधा : नाही वाजला तर टाळ वाजवीन.

भागीरथी : हसू येतंय, पण ओटा राहिला पाहिजे हो. शुक्रवारी आपल्या वंदीची हळद. अमळनेरची माणसं गटाराच्या काठावर बसवायची का?

चिंधा : राहणार म्हणजे राहणार. बघ, खालच्या टोकाच्या धुरपदाआत्या आल्या. यांच्याच रोपांनी वाचवलं आपल्याला.

धुरपदाबाई : आलं का रे मशीन? मी तर पहाटेच अंगण सारवलं. किती वर्षांनी सारवलं, काय सांगू व माय. आज गटार मोकळं होणार.

भागीरथी : बसा आत्या. हातात काय?

धुरपदाबाई : रोप. काल दिवसभर माझ्या दारी रांग, आत्या तुळस द्या, आत्या तुळस द्या. मला वाटलं, सगळ्या शेरीला देव आठवला. इतका आनंद झाला. पण चिंधा, ओट्यावर कशाला लावली रे? ओटा तर तुटणार ना?

चिंधा : म्हणून तर लावली आत्या. तुळस दिसली की तोडणार नाहीत.

धुरपदाबाई : तोडणार नाहीत? मग गटार कसं उघडणार?

चिंधा : तुंबलं की पालिका पंप पाठवते. फुकट.

धुरपदाबाई : फुकट? पंप येतो, गाडी येते, गाळ काढणारे येतात. ओट्याखाली कोणाचा हात पोचत नाही, म्हणून पुन्हा येतात. त्यांचा पगार आभाळातून पडतो? घरवेऱ्याचा कर वाढला तेव्हा तूच शेरीभर ओरडत होतास.

भागीरथी : अन् दवाखान्याच्या खोलीला पालिकेकडे पैसे नाहीत म्हणाले, ते यंदाच.

चिंधा : मग बांधताना का नाही अडवलं? मनाई तेव्हाही होती. तेव्हाचा साहेब आला अन् माझ्याच ओट्यावर चहा पिऊन गेला.

धुरपदाबाई : त्या चहाचे पैसे अजून भरतोय आपण. वेरा मीही भरते रे. शिवाय गटार तुंबलं की पाणी माझ्याच घरात. प्लेगच्या साली सगळे सुरत सोडून पळालो. मी परत आले तर तुम्हा सगळ्यांचं पाणी माझ्या चुलीत. कोणाला बोलले नाही. आज बोलते, कारण रोपं माझ्याच हातानं दिली.

भागीरथी : आत्या, तुमच्या दारात तर कधी तुळस दिसली नाही. एवढी रोपं आली कुठून?

धुरपदाबाई : माझी तुळस पत्र्यावर आहे, तेलाच्या डब्यात. दारात लावली की गटाराच्या पाण्यानं मुळं कुजतात. शिडी लावून पाणी घालते.

(बुलडोझरचा आवाज शेरीच्या तोंडाशी येतो.)

भागीरथी : आला. अहो, भगवान तुमच्याकडेच बघतोय. पंडितही. तुम्ही कराल तेच करतील ते.

चिंधा : अन् वंदीची हळद?

भागीरथी : आत्यांचं अंगण सारवलेलं आहे. ते कोरडं राहिलं की तिथे पाट मांडू. अमळनेरची माणसंही तिथेच बसतील.

चिंधा : धर त्या बाजूनं. सिमेंटसकट उचलू. भगवान, उचल तुझी तुळस. पंडित, तूही. लावा म्हणालो तो मीच, अन् उचला म्हणतोय तोही मीच.

धुरपदाबाई : हळू रे, मुळं तुटतील.

चिंधा : नाही तुटत. आत्या, तुमची शिडी कुठे आहे? हे आटोपलं की तुमची तुळस खाली उतरवतो.