खाणवाले आणि विहीरवाले

परीक्षक आत्या : …आन मग हे मासे मेले, का मारले?

आरोही : आत्या, परीक्षक असं विचारणार नाहीत.

परीक्षक आत्या : का न्हाय? उद्या व्हायवा तुझा, सरावाला परीक्षक म्हणून मला बसवलंस. आता दे की उत्तर.

आरोही : मारले. कल्ले काढायला.

परीक्षक आत्या : बरं. कुमारी आरोही, आता पहिल्यापासनं सांगा. मी लांबनं आलोय, मला काय बी ठावं न्हाय.

आरोही : हे झकास. सर, डास कमी करायला मलेरियावाल्यांनी एकाच टाकीतले गप्पी मासे दोन जागी सोडले. काही वैरागजवळच्या गोड्या विहिरीत, काही मंगळवेढ्याकडच्या एका खाऱ्या पाण्याच्या खाणीत. कितीतरी पिढ्या ते तिथेच वाढले. त्यांची जनुकं आता वेगळी चालतात का, ते मी पाहिलं.

परीक्षक आत्या : चालतात? पाय असत्यात व्हय त्यास्नी?

आरोही : नळ समजा. नळ दोघांकडे तोच आहे, सोडलाय किती ते वेगळं. खाणवाल्यांच्या कल्ल्यातला, मीठ बाहेर टाकणारा नळ चांगलाच मोठा सुटलेला होता.

परीक्षक आत्या : आवो, खाऱ्यात ऱ्हायलं की कुणाचा बी सुटंल. त्यात तुमी काय शोधलं?

आरोही : हे मी काल तुला शिकवलेलं मलाच विचारतेस!

परीक्षक आत्या : मग? परीक्षक दुसरं काय करत्यात?

आरोही : म्हणून तर दोन्हीकडचे मासे घरी आणले. त्यांची पोरं, मग नातवंडं, सगळी एकाच पाण्यात वाढवली. नातवंडांनी खाण बघितलेलीच नाही. तरीही फरक उरला, म्हणजे तो रक्तातला. आता नुसत्या योगायोगानंही थोडा फरक पडतो, तो किती ते बाकीच्या जनुकांवरून काढलं. आपला फरक त्याच्या खूप पुढे निघाला. खाणीत ज्यांचा नळ मोठा, तेच तगले, त्यांचीच पोरं झाली. ही निसर्गानं केलेली निवड, सर.

परीक्षक आत्या : एकाच पाण्यात.

आरोही : हो सर. सगळे एकाच पाण्यात.

आत्या : ते तेवढं म्हणू नगंस बाई.

आरोही : का? प्रबंधात तेच लिहिलंय.

आत्या : तू पुण्याला शिकाय गेलतीस न्हवं, मे महिन्यात? तवा नळाला पाणी कुटं हुतं? हौदात तळाला ऱ्हायलेलं. ते इहीरवाल्यांस्नी पुरवून पुरवून घातलं.

आरोही : आणि खाणवाल्यांना?

आत्या : बोअरचं, खारट. ते खाऱ्यातलेच की. सोसत्यात.

आरोही : किती दिवस?

आत्या : तू येईस्तोवर.

आरोही : मी आले आणि लगेच कल्ले काढले. आत्या, फोनवर का नाही सांगितलंस? रोज फोन करत होते मी!

आत्या : करत हुतीस की. मासे जित्ते हायत का, इचारायचीस. हायत म्हणायची मी. एक बी मरू दिला न्हाय. असं बघू नगंस. चुकलं का माझं?

आरोही : तू काय प्यायचीस?

आत्या : कवा?

आरोही : तेव्हाच. हौदातलं विहीरवाल्यांना घातलंस. मग तू?

आत्या : मी बी खाणवालीच की.

आरोही : हसू नको.

आत्या : मग रडू? तू आलीस तवा नळ आलता. झालं गेलं. ही बोअरची गोष्ट मी कुणाला बोलायची न्हाय. उद्या डिगरी घे, करमाळ्याला कालेजात रुजू हो. फरक खोटा हाय का तुझा?

आरोही : खरा असेलही. पण तो रक्तातला की बोअरचा, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

आत्या : कुणाला कळतंय?

आरोही : मला कळलं ना आता. फोन दे तो.

आत्या : सकाळी कर. झोप मोडंल तुझ्या सरांची.

आरोही : सकाळी माझा धीर व्हायचा नाही. दे.

(संगमेश सर, आरोहीचे मार्गदर्शक, फोनवर. फोन स्पीकरला.)

सर : बोल आरोही. टेन्शन आलंय का?

आरोही : सर, पाणी एक नव्हतं. शेवटचे कितीतरी दिवस खाणवाले बोअरच्या पाण्यात होते.

सर : कोणी केलं हे?

आत्या : मी सांगती. आण हिकडं.

आरोही : चूक माझी, सर. घरात पाणी आहे का, हे मी विचारलंच नाही. नुसते मासे विचारले.

सर : तुला कधी कळलं?

आरोही : आत्ता.

सर : उद्या संध्याकाळी कळलं असतं तर…

आरोही : सर?

सर : काही नाही. नको बोलायला होतं मी ते. प्रबंध मागे घ्यावा लागेल. तुला माहीत आहे ना याचा अर्थ?

आरोही : हो.

सर : ती नोकरी थांबणार नाही तुझ्यासाठी.

आरोही : हो सर.

सर : मूळ मासे आहेत अजून?

आरोही : आहेत. दोन्हीकडचे.

सर : मग पुन्हा पोरं, पुन्हा नातवंडं. प्रयोगशाळेत अजून जागा नाही, तुमच्याच घरी ठेवावे लागतील. आणि या खेपेला नळाचंच पाणी, दोघांनाही, सारखं. उन्हाळा मध्ये येणारच. निघेल तेवढं पाणी?

आत्या : निघंल म्हण. अगं म्हण की. निघंल. मी बघती.

सर : आरोही? ऐकतेयस ना?

आरोही : एक मिनिट थांबा सर. हे मी आत्याला कधी विचारलेलं नाही.