बॅगेचे बंद

दिल्लीत मयूर विहारला मेट्रोत शिरताच सुखदाच्या कानावर चक्क मराठी पडलं. तिने पटकन इयरफोन काढले. समोर आई आणि मुलगी, मध्ये एक ओलीचिंब बॅग.

"मृणाल, मेसेजमध्ये मी काय लिहिलं होतं?"

"बॅगेचे बंद काळे कर. म्हणून मी बॅग बंद केली, चेन लावली, आणि उकळत्या काळ्या रंगात बुडवली."

"अगं, आत कॅम्पचे कपडे भरले होते मी!"

"तरीच इतकी जड होती यार!"

"पांढरे टी-शर्ट?"

"बिल्कुल काळे."

"आणि हे बंद गुलाबीच कसे? यांनाच मुली हसतात म्हणून रडलीस तू!"

"कुठले बंद?"

"हे! खांद्यावरचे!"

"हे तर स्ट्रॅप आहेत ना? पॉलिएस्टर आहे आई, त्यावर हा सुती कपड्यांचा रंग चढतच नाही."

"मग सांगायचंस!"

"तू स्ट्रॅप म्हणालीस कुठे?"

"तिकडे कॅम्पची बस सुटायला आली. आता तिथे घालशील काय?"

"काळं. रोज काळं. आणि वरून हे गुलाबी!"

सुखदाने खांद्यावरची बॅग सावरत घाईघाईने घरी फोन लावला.

"आई, सकाळी तू 'बॅगेचा बंद उसवलाय' म्हणालीस ना? मी चेन तीनदा तपासली गं, चेन तर एकदम—"

तिच्या खांद्यावर काहीतरी टर्रकन फाटलं.