शाळेकडचा कोपरा

माझं माहेर औंढ्याकडचं, नागनाथाचा कळस आमच्या गल्लीतून दिसायचा, पण आमी बाबासाहेबाची माणसं, कळस बघायचा आन् आपल्या कामाला लागायचं. सासर हे, कुरुंद्याच्या अलीकडं, हळदीचा मुलूख. हळद काढा, शिजवा, वाळू घाला, त्यातच उभा जन्म गेला, हे हात बघा, आता काय पांढरे व्हत न्हाईत. नाव शेवंता, पण गावात मला सगळे मायच म्हणतात, माझ्यापरीस म्हातारे बाप्येबी म्हणतात, मी म्हणते, अरे लाजा धरा जराशा.

आन् ताई, एक आधीच सांगून ठेवते, आमी भूतबीत मानत न्हाई. घरात बुद्धाचा फोटो हाय, बाबासाहेबाचा हाय, आन् तिसरा माझ्या मिलिंदचा, थोरल्याचा. अंगारा न्हाई, लिंबू न्हाई, काही न्हाई. म्हून तर हे गावात कोणापाशी बोलले न्हाई, हसतील, म्हणतील माय म्हातारपणी बिघडली. तुमी लिहून घेऊन राहिल्या, म्हून सांगते.

आमच्या गावाला कबड्डीचं येड. शाळंच्या बाजूला मैदान हाय, ते तयार करायचं काम माझा मालक करायचा, त्यो गेल्यावर मी धरलं. तुमाला वाटंल त्यात काय हाय. माती चाळून टाकायची, खडा न् खडा वेचायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, वरून वलं पोतं वढायचं, का मैदान तव्यासारखं सपाट. मॅचच्या आदल्या दिवशी पोरं अनवाणी सराव करतात, त्यो झाला का दिवस बुडायला मी पोतं वढते, मग कोणी पाय द्यायचा न्हाई. सकाळी चुन्याच्या फक्कीनं रेषा आखल्या का झालं.

आता, मी जन्मभर अंगणात सडासारवण केलेली बाई. वल्या मातीतलं पाऊल बघून सांगते कोण आलं, कोण गेलं, कोणाचा गुडघा दुखून राहिला. तसंच पोरांच्या सरावाची पावलं बघायची मला खोड लागली. शाळंच्या भिंतीला लागून हॉटेल हाय, मॅचच्या सकाळी सगळे शौकीन तिथं जमतात, रिटायर गुरुजी, बाबू टेलर, चार-दोन अजून, आन् च्या पिऊ पिऊ टीमची चिरफाड करतात. गुरुजी म्हणणार आपला जोर पकडीत, बाबू टेलर म्हणणार कशाची पकड, गुरुजी, आपल्या पोरांच्या हातून कोंबडी सुटती. मग मला हाका मारायचे, माय, तू सांग. मी सांगायची, अमक्याचा सगळा जोर चवड्यावर हाय, पुढं झप् जाईल, मागं फिरताना उशीर करंल. तमक्याचं डावं पाऊल बाहेर पडतंय, त्याला कडंला उभा करू नका. आन् दुपारी बराबर तसंच व्हायचं. लई मान व्हता मला. खोटं कशाला बोलू, लई गर्व व्हता.

त्या गर्वानंच घात केला. मिलिंद माझा, गावाचा पयला रेडर, समोरच्या अंगणात घुसला का भल्याभल्यांना हात लावून परत यायचा. एका फायनलच्या आदल्या दिवशी त्याची पावलं बघितली तर उजवी टाच मातीत उमटतच न्हाई. पोटरीत दुखत असंल, लपवून राहिला व्हता. आता शानपण कशात व्हतं, पोराच्या कानात सांगायचं, का बाळा आज बस. मी सकाळी हॉटेलात, चारचौघात, मोठ्या तोंडानं बोलले, मिलिंदचा आज उजवा पाय कच्चा हाय, जपून खेळवा त्याला. बाकड्यावर एक अनोळखी माणूस च्या पिऊन राहिला व्हता. समोरच्या टीमचा व्हता त्यो. मी कप उचलेपर्यंत त्याची मोटरसायकल सुरू झालती.

दुपारी शाळेकडच्या कोपऱ्यात त्यांनी बराबर त्योच पाय धरला. वरून तिघं पडले. खेळच हाय त्यो, त्यांचा गुन्हा न्हाई. मान मोडली लेकराची. नांदेडला न्यायला जीप काढली, अर्ध्या वाटंत सरला. काय सांगू तुमाला, माझ्या तोंडानं मारला मी त्याला. त्या दिवसापासून हॉटेलात तोंड उघडलं न्हाई. माती चाळायची, पाणी मारायचं, गप घरी जायचं.

धाकटा सुमेध. त्याला म्हणलं, बाबा तू खेळू नको, पण ऐकतंय काहून. गेल्या साली त्योबी रेडर झाला आन् टीम फायनलला गेली, मिलिंदनंतर पहिल्यांदा. आदल्या दिवशी त्याची पावलं तीनदा बघितली. टाच, चवडा, बोटं, सगळं चांगलं. मग पोतं वढलं, मैदान सपाट केलं, घरी गेले.

सकाळी उजाडल्यावर फक्की घेऊन आले तर मैदानात पावलं.

एकाच माणसाची. मधल्या रेषंच्या जागंपासून निघालेली, आन् रेषा तर मी अजून आखलीच नव्हती. रेडर चालतो तशी, एक पुढं, एक आडवं. उजव्या पावलाला टाच न्हाई. बोटं हायेत, चवडा हाय, टाचंच्या जागी सपाट माती. शाळेकडच्या कोपऱ्यापर्यंत गेली, तिथं दोन्ही पाय जोडून उभे, आन् पुढं काहीच न्हाई. परत आलेली न्हाईत, बाहेर गेलेली न्हाईत. चारी अंगाला वली माती, त्यावर मुंगीचा वरखडा न्हाई. मी खाली बसले, त्या पावलात हात ठेवला. सकाळची वली माती गार असती ना, ताई? ती गार नव्हती.

तेवढ्यात गुरुजी आन् बाबू टेलर आले. गुरुजी लांबूनच म्हणले, माय, कोणी पाय दिला का गं? मी म्हणलं, कुत्रं असंल, आन् पोतं वढून सगळं बुजवलं. त्यांचं ध्यान न्हाई, त्यांचं आपलं सुरू, गुरुजी म्हणतात समोरच्यांची पकड भारी, बाबू टेलर म्हणतो पण त्यांचा शाळेकडचा कोपरा कच्चा हाय, तिथलं पोरगं नवं हाय, घाबरतं, सुमेधनं तिथंच मारावं. हॉटेलात जाऊस्तोवर सगळ्यांचं एकच, शाळेकडचा कोपरा, शाळेकडचा कोपरा.

सुमेधला बाजूला घेतलं, कानात म्हणलं, बाळा, कुटंबी जा, त्या कोपऱ्यात जाऊ नको. काहून, म्हणला. काय सांगणार व्हते? म्हणलं, तुझी माय सांगून राहिली म्हून. त्यो हसला, म्हणला माय, अख्खं गाव तिथंच जा म्हणून राहिलंय, तुझं एकटीचं ऐकू का?

मॅच लई अटीतटीची झाली. शेवटची चढाई, आमी एक गुण मागं, आन् सुमेध गेला. कबड्डी कबड्डी म्हणत सरळ शाळेकडच्या कोपऱ्याकडं. बाबू टेलर खुर्चीवर उभा राहून वरडतोय, मार तिथंच! मी डोळ्याला पदर लावला, मग काढला, म्हणलं एकाला बघितलं, दुसऱ्यालाबी बघू. ते नवं पोरगं घसरून गुडघ्यावर आलतं, निस्ता पाय लांबवायचा व्हता. सुमेधनं पाय उचललाबी. आन् तसाच थांबला. एक पाय वर, तोंडानं कबड्डी चालूच, पण सरकेना. मग हळूहळू मागं मागं आला, रिकामाच. शिट्टी वाजली. हरलो.

गावानं काय काय म्हणलं ते नका लिहू. बाबू टेलर म्हणला, मायनं पोराला भ्याड केलं. मी ऐकून घेतलं. म्हणू दे, लेकरू तर घरी आलं. तिथं काय झालं असतं हे त्यालाबी ठाव न्हाई आन् मलाबी न्हाई.

सुमेधनं खेळ सोडला. आता वारंगा फाट्यावर टायरच्या दुकानात कामाला हाय, रोज जाणं-येणं करतो. पण त्या दिवसापासून त्याची एक सवय, बसता-उठता कमरंवर हात. मला वाटलं उसण भरली, वसमतला डॉक्टरला दाखवलं, एक्स-रेचा फोटो काढला, डॉक्टर म्हणले काही न्हाई, तब्येत एक नंबर हाय. तरी हात कमरंवरच.

परवा त्यो जेवायला बसला, मी भाकरी करून राहिले व्हते, इचारलंच. म्हणलं, बाळा, काय तकलीफ हाय, खरं सांग, आन् त्या दिवशी माझं ऐकून थांबला ना तू? त्यानं भाकर खाली ठेवली. म्हणला, न्हाई माय, तुझं ऐकणार नव्हतो, मी मारणारच व्हतो. पाय उचलला आन् मागून कोणीतरी कमरंला मिठी घातली. मला वाटलं आपलंच पोरगं शिरलं का काय, मान वळवली, तर आपली पोरं सगळी रेषंच्या पल्याड उभी. दादाची मिठी व्हती माय. लहानपणी मी विहिरीकडं पळालो का दादा मला अशीच घालायचा.

भाकर तव्यावर करपली. मी म्हणलं, मग सोडलं का त्यानं तुला, मागं आल्यावर?

त्यो म्हणला, न्हाई माय. अजून न्हाई.

ताई, आमी मानत न्हाई, तुमाला आधीच सांगितलं. पण त्या वक्ताला माझ्या तोंडून जे आलं ते सांगते. मी म्हणलं, राहू दे बाळा, त्याला झिडकारू नको. दुसरं कोणी न्हाई, आपल्या घरचंच हाय. आन् सुमेधच्या ताटात दुसरी भाकर वाढली.