सरळ बांध

मृदसंधारण कार्यालयाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक नवरा-बायको बसले होते.

“बांध कसा फुटला विचारलं, तर साहेबांना काय सांगणार?”

“पाऊस जोराचा झाला.”

“पाऊस सगळ्यांकडे झाला. फुटला तो आपलाच.”

“हळू बोल गं.”

“साहेबांनी दिवसभर उन्हात उभं राहून उतार मोजला, बांधासाठी खुंट्या ठोकल्या. अन् ते गेल्याबरोबर तुम्ही दोरी लावून सगळ्या खुंट्या एका रांगेत आणल्या!”

“रेघ फार वाकडीतिकडी जात होती. रस्त्यावरून लोक बघतात.”

“आता बघा म्हणावं! पाणी सगळं खोलगट जागी तुंबलं आणि बांध फोडून गेलं. आपली वरची माती खाली धाकट्या जावेच्या शेतात जाऊन बसली. काल मलाच म्हणते, ‘ताई, आमची जमीन यंदा कशी लोण्यासारखी झालीय!’”

“चुकलं म्हटलं ना. या वेळी एकाही खुंटीला हात लावणार नाही.”

“नक्की?”

“नक्की. ती विहिरीजवळची एक तेवढी जरा...”

शिपायाने आत बोलावलं. बाई तरातरा पुढे गेल्या आणि दारातूनच म्हणाल्या,

“साहेब, खुंट्या कधी ठोकणार तेवढं सांगा. बांध पुरा होईपर्यंत ह्यांना माझ्या माहेरी पाठवते.”