दौंडचं भाषण आणि आसियाची पत्रिका

मेहमूद: म्हंजी मेहरुननं केलेल्या समद्या लग्नपत्रिका गेल्या म्हण की.

सत्यजीत: त्या जुन्या प्रोग्रॅममध्ये तरी गेल्या, चाचा. तो कॉम्प्युटरला खोचायच्या ज्या लॉकवर चालायचा ते जळलंय. कंपनी कधीच बंद पडली. दुसरं लॉक आणायचं कुठनं?

मेहमूद: ती होती तवा एक दिवस अडलं न्हाई ते. आता तिच्यामागं तेबी गेलं.

आसिया: अब्बा, चहा घ्या आधी. सत्यादादा, त्यात माझ्या लग्नाची पत्रिकापण आहे. अम्मीनं हौसेनं करून ठेवलेली, स्थळं बघायच्याही आधी. भोवती जाईचा वेल काढलाय.

सत्यजीत: ती माझ्या मुक्त, बिनलॉकच्या प्रोग्रॅममध्ये लावून बघतो. जुनी फाइल आहे, वेळ लागेल. तोवर माझं उद्याचं दौंडचं भाषण ऐका. दौंडचे सगळे पत्रिका करणारे येणार आहेत. तुम्ही आलात तर आपले शिरूरचेही येतील.

मेहमूद: आधी वाच. मग ठरवतो.

सत्यजीत: “मित्रांनो, विकतचे प्रोग्रॅम म्हणजे गुलामी. ते वापरणारे म्हणजे डोळ्यांना झापडं लावलेले बैल...”

मेहमूद: थांब. मेहरुननं ह्याच खुर्चीत बसून जल्मभर विकतचा वापरला. ती बैल व्हय?

सत्यजीत: चाचींना नाही म्हणत मी.

मेहमूद: मग दौंडात कुणाच्या बायकोला म्हणतोस?

आसिया: दादा, अम्मी शिकली तेव्हा तुझ्या मुक्त प्रोग्रॅममध्ये जोडाक्षरं तरी नीट यायची का?

सत्यजीत: नव्हती येत. ‘शुभेच्छुक’चे तुकडे पडायचे.

मेहमूद: तुकडे पडलेले शुभेच्छुक गिऱ्हाईकानं घेतले असते का? हे सांग तिथं. आता पुढं वाच.

सत्यजीत: “दौंडमध्ये सध्या एक दलाल हिंडतोय. गोड बोलून महिन्याच्या भाड्यानं प्रोग्रॅम गळ्यात मारतो. लाल मोटरसायकल, केस चापूनचोपून बसवलेले...”

मेहमूद: नाव काय त्याचं?

सत्यजीत: सैफ. ओळखता का?

मेहमूद: जावई हाय माझा. शुक्रवारी मंगनी झाली.

आसिया: आणि केस तसे बसवायला मीच सांगितलंय.

सत्यजीत: अहो, मग आधी नाही का सांगायचं?

मेहमूद: आधी सांगितलं असतं तर तू गुळमुळीत वाचलं असतंस. मला उद्याचं ऐकायचं व्हतं.

सत्यजीत: पण चाचा, भाडं थांबलं की तो प्रोग्रॅम बंद. माणसाचं स्वतःचं काम आत अडकतं. चाचींचं अडकलं तसं. हे बोलू नको का?

मेहमूद: ते बोलच. मोठ्यानं बोल, माझ्यावरच बेतलंय. सैफला पुढच्या खुर्चीत बसवू, त्याच्या तोंडावर इचार. पण माणसाला नावं ठिवू नको. तुमच्या निमोणे गावातला चुलता बांधावरनं कोर्टात गेला व्हता. तुझ्या बहिणीच्या पत्रिकेत त्याचं नाव व्हतं का न्हाई?

सत्यजीत: होतं. वडील नको म्हणत होते. चाचींनी टाकायला लावलं. म्हणाल्या, भावकीतलं नाव गाळून मी पत्रिका करणार नाही.

मेहमूद: म्हणून तुझ्या बापानं बांध सोडला का?

सत्यजीत: वीतभरपण नाही.

मेहमूद: आन् चुलता?

सत्यजीत: आला. जिलबी वाढायला तोच होता. सगळ्यांना आग्रह करकरून वाढत होता.

मेहमूद: तसं बोल.

आसिया: थांबा, सैफलाच विचारते.

(फोनवर बोलून आसिया परत येते.)

आसिया: येतो म्हणतोय. पण त्याचा पण एक सवाल आहे. त्याच्या प्रोग्रॅममधले रंग छापखान्यात जसेच्या तसे उतरतात. तुझ्यातले उतरतात का?

सत्यजीत: जरा फिके पडतात.

मेहमूद: तेबी सांग.

सत्यजीत: चाचा, अशानं माझ्या भाषणात उरलं काय?

मेहमूद: उरलं ते वाच की.

सत्यजीत: “आमचा प्रोग्रॅम कुणालाही घेता येतो, उघडून दुरुस्त करता येतो, दुसऱ्याला देता येतो. बनवणारा उद्या नसला तरी तुमचं काम तुमच्यापाशी राहतं.”

मेहमूद: हे ऐकायला येतो मी. शिरूरच्यांनाबी आणतो.

आसिया: दादा, इकडं बघ. वेल आला.

सत्यजीत: आला की, चाचा! कळीन् कळी आलीय.

आसिया: सैफनं परवा लावून बघितली होती. त्याच्यात उघडली नव्हती.

सत्यजीत: मग हे तर मी उद्या सांगणारच.

मेहमूद: सांग. पण अक्षरं कुठायत?

सत्यजीत: अक्षरांच्या जागी चौकोन आलेत. तो फॉन्ट लॉकबरोबरच गेला.

मेहमूद: मग दोन्ही सांग. वेल आला, अक्षरं न्हाई आली.

आसिया: अब्बा, एकटेच काय हसताय?

मेहमूद: तुझी आई गं. कळ्या एकसारख्या काढ म्हटलं की म्हणायची, ते जाईला जाऊन सांगा. बघ, एक कळी दुसरीसारखी न्हाई.

सत्यजीत: इथं मधेच एक ओळ कोरी कशी? चौकोनपण नाहीत.

मेहमूद: ती नवऱ्याच्या नावाची. तवा स्थळच नव्हतं, तिनं जागा तेवढी ठिवली. आसिया, बस खुर्चीत. मजकूर समदा परत टाइप करायचाय, आन् सैफचं नाव घालायचं राहिलंय.