एक एमएमचा हट्ट

...अन् वरून म्हणतात, मोठा टाका! अहो, मोठा टाका म्हंजी काय? इंजिनात पिस्टन टाकायचाय का पंगतीत लाडू वाढायचाय? पण नाय, ज्याला त्याला मोठाच पायजे! तुम्हाला सांगतो, रूपाताई खरात, रेल्वे स्टेशनमागं जुन्या एमआयडीसीत जिचं बोअरिंगचं, म्हंजी इंजिनं आतनं मापाला कापायचं शॉप आहे, बावीस वर्षं झाली, कापायची मशीन ती स्वतः चालवती. ट्रॅक्टर, टेम्पो, रिक्षा, बोअरवेलची गाडी, हजारो इंजिनं तिच्या हाताखालनं गेली. तिच्याच शॉपमधी, तिच्याच मशीनला टेकून, चार माणसं तिलाच शिकवत होती... बाई, मोठा टाका!

झालं काय, बिडकीनचे काकासाहेब. जमीनजुमला बरा, गावात शब्दाला वजन, अन् दारात टर्बोची डिझेल गाडी. टर्बो म्हंजी काय, तर साध्या इंजिनात हवा आपल्या पायानं जाती, अन् टर्बोत तिला मागनं रेटून कोंबतात. म्हणून दम जास्ती. आता हा दम गाडीत राहिला असता तर ठीक होतं, तो शिरला काकासाहेबांच्या पुतण्याच्या डोक्यात! इंद्रजीत त्याचं नाव. ऑरिकमधल्या कंपनीत नोकरी, लग्न ठरलेलं, मुलगी गेवराईची, श्रेया. तर ह्या गड्यानं तिला दौलताबादच्या घाटात नेली, गाडी कशी चढती ते दाखवायला! घाटात पाण्याचा पाइप फुटला, इंजिन तापलं, काटा लालवर गेला. श्रेया बिचारी म्हणती, "अहो, तो काटा बघा ना." हा म्हणतो, "घाट संपू दे, आपोआप खाली येतोय." आला ना खाली! काटा नाय, गाडीच आली... टोचन लावून!

इंजिन खोललं तर तीन नंबरचा पिस्टन भिंतीला चिकटलेला, अन् चारी सिलिंडरला आतनं असे ओरखडे की बघवत नाय. साखरपुडा दीड महिन्यावर. गेवराईला जायचं तर ह्याच गाडीनं जायचं, काकासाहेबांनी सोयऱ्यांना सांगून ठेवलेलं. म्हणून ब्लॉक आला रूपाताईकडं.

आता ब्लॉक म्हंजी काय, चार विहिरी खणलेला लोखंडाचा ठोकळा समजा. विहिरीत पिस्टन वरखाली होतो. विहिरीची भिंत खराब झाली की रस्ते दोन. एक, विहीर आतनं कापून मोठी करा अन् मोठा पिस्टन टाका. दुसरा, तिच्यात नवीन नळी बसवा, तिला लाइनर म्हणतात, अन् पिस्टन कंपनीनं दिला त्याच मापाचा ठेवा. रूपाताईनं ब्लॉकवर हात फिरवला, मापं घेतली, चष्मा कपाळावर चढवला अन् म्हणाली, "चारीला लाइनर. माप स्टँडर्ड. अन् पिस्टन आणून आधी टेबलावर ठेवा, मग मी मशीन चालू करीन."

झालं! असं बोलल्याबरूबर जणू कुणाच्या तरी इस्टेटीला हात लावला! इंद्रजीत मोबाइल घेऊन पुढं. "ताई, मी नेटवर लई बघितलंय. एक एमएम मोठा टाकला की पॉवर वाढती. एवीतेवी खोललंच आहे तर करून टाकू ना!" काकासाहेब आपले सावकाश, एकेक शब्द चावून... "हे बघा बाई... एक एमएम... म्हंजी केवढं हो ते?" असं म्हणून स्वतःचं नख दाखवतात! बरोबर शहागंजातला गोकुळ आलेला, त्याचंबी बोअरिंगचं दुकान, तो हसतोय. "लाइनर टाकून परत स्टँडर्ड? म्हंजी एवढा खटाटोप करून गाडी होती तशीच?" अन् चहा घेऊन आलेले चाचा, ज्यांचा ह्या सगळ्याशी काडीचा संबंध नाय, तेबी रूपाताईला बाजी, म्हंजी ताई, म्हणत कप ठेवता ठेवता, "बड़ा डालो ना बाजी! बड़ा रहेंगा तो जोर मारेंगा, नक्को कायकू बोलते?"

सांगा आता! चहावाल्याचंबी मत मोठ्यालाच!

रूपाताई म्हणाली, "हे बघा काका, दोन विहिरींच्या मधी भिंत केवढी? एवढुशी. तिच्या पलीकडं पाणी खेळतंय. आतनं टर्बो रेटतोय. तुम्ही भिंत कापून पातळ करणार अन् वरून म्हणणार पॉवर पायजे! साध्या गाडीला एखादं वेळी चालून जाईल, टर्बोशी कामून खेळायचं? अन् कापायचंच म्हणलं तरी पिस्टन कुठंय? एक एमएम, एक एमएम... डब्यावर छापलंय म्हणून मी मानू? पिस्टन आधी टेबलावर ठेवा!"

तिथं काकासाहेबांचा आवाज चढला. "बाई, बिडकीनचे निम्मे ट्रॅक्टर तुमच्याकडं मी धाडतो, ध्यानात ठेवा."

दुसरी कुणी असती तर म्हणली असती, जाऊ द्या, त्यांची गाडी, त्यांचं इंजिन. रूपाताईच्याबी मनात आलं, खोटं कशाला सांगू. शॉप तिच्या वडलांनी उभं केलेलं. ते गेले तेव्हा भावकीतली माणसं म्हणलेली, मशीन विकून टाक, बाईच्या जातीला हे जमायचं नाय. विकली नाय. अन् आज ट्रॅक्टर गेले तर मशीनला काम काय? पण जीभ ऐकती का! "नका धाडू. गिऱ्हाईक गेलं तर परत येतंय, काका. कापलेलं लोखंड परत येत नाय."

तिघांनी ब्लॉक उचलला, जीपमधी टाकला, गेले गोकुळकडं. चाचा रिकामे कप गोळा करत म्हणले, "बाजी, गुस्सा जरा कम करो." तिनं त्यांच्याकडं असं बघितलं की दोन दिवस चहा आला नाय!

घरी, पुंडलिकनगरला, नवरा राजेंद्र. झेडपीच्या शाळेत मास्तर, शांत माणूस. तो म्हणला, "अगं, दिलं असतं करून. पिस्टन त्यांचा, पॉवर त्यांची."

"अन् हात कुणाचा?" ती म्हणाली. मास्तरांनी पोरांच्या वहीचं पुढचं पान तपासायला घेतलं.

नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी जीप परत दारात! खाली उतरले काकासाहेब अन् इंद्रजीत, दोघंच, अन् दोघांचीबी तोंडं पार उतरलेली. गोकुळ काय नव्हता. तो कशाला येतोय!

तुम्हाला सांगतो, काय केलं असंल त्यानं? पिस्टन यायच्या आधीच बोअर मारून मोकळा! मापाला काय धरलं, तर जुनी भिंत. अरे, ती भिंत आधीच झिजलेली, ओरखडलेली, तिथनं पुढं एक एमएम मोजला! कापून झालं, मग नेटवरनं मागवलेले पिस्टन आले. आत सोडला तर पिस्टन असा डुलतोय, जसा ढगळ बुटातला पाय! इंद्रजीत म्हणला, मग अजून मोठा पिस्टन आणू. तर त्याच्याहून मोठा त्या गाडीला निघतच नाय! संपली यादी! अन् पाण्याचं प्रेशर देऊन बघितलं तर दोन नंबरच्या भिंतीला घाम. बारीक, टाचणीच्या टोकाएवढं भोक... आतनं पाणी.

आता इथं कुणीबी म्हणलं असतं, सांगितलं होतं ना! रूपाताईच्याबी ओठावर आलं होतं. पण काकासाहेब स्टुलावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली अन् हळूच म्हणले, "ताई..." बाईचं ताई झालं बघा, "...तुम्हाला एवढं कसं ठाऊक होतं, भिंत जाईल म्हणून?"

ती म्हणाली, "कारण एक मी स्वतः फोडलाय."

अन् सांगू लागली, "अकरा वर्षं झाली. असंच एक गिऱ्हाईक, असाच टर्बो. माझी मापं सांगत होती नको, पण समोरचा मोठ्या आवाजाचा माणूस होता, मी भ्याले. दिलं कापून. पंधरा दिवसांत भिंत गेली, इंजिनात पाणी. त्याच्या दारात जाऊन सांगून आले, चूक माझी. वर्षभर गाव म्हणत होतं, खरातबाईनं ब्लॉक फोडला. म्हणत होते ते खरंच होतं. त्या दिवसापासनं मोठ्या आवाजाला मी भीत नाय, काका. पातळ भिंतीला भिते."

काकासाहेबांनी टोपी परत डोक्यावर घातली. "सांगा, काय करायचं."

"चारीला लाइनर. माप स्टँडर्ड."

अन् तरी, तरी हो, इंद्रजीत हळूच पुटपुटला, "ताई, नवीन लाइनर म्हणल्यावर आत भरपूर जागा असंल ना... अर्धा एमएम तरी..." काकासाहेबांनी नुसतं वळून बघितलं. रूपाताई म्हणाली, "लेका, आज जाड भिंत ठेवली तर उद्या परत घासल्यावर कापायला जागा राहती. आजच सगळं खाऊन टाकलं तर उद्या काय चाटतोस? पिस्टन आण. आधी टेबलावर ठेव!"

काम सुरू झालं. लाइनर घट्ट बसायला पायजे, म्हणून ब्लॉक गरम करायचा अन् लाइनर गार करायचे. गार झालं की लोखंड आकसतं, अलगद आत जातं, अन् मग असं आवळून बसतं की हत्ती लावला तरी निघत नाय. गार कुठं करायचे? घरच्या फ्रीजरमधी! मास्तरांनी बर्फाला फ्रीजर उघडलं. "रूपा, मटार होते इथं... ही नळकांडी कसली?"

"अहो, हात लावू नका, गार होऊ द्या."

"अन् भाजी कशाची?"

"वांग्याची करा!" ...अन् मास्तरांनी केली!

चारी लाइनर बसले. मग खरा खेळ. लाइनर आतनं पिस्टनच्या मापाला कापायचे. इंद्रजीत पिस्टनचा डबा घेऊन आला, ह्या खेपेला स्टँडर्ड, टेबलावर ओळीनं मांडले. रूपाताईनं मायक्रोमीटर त्याच्या हातात दिला. "मी नाय मोजणार. तू मोज."

"मी?"

"गाडी तुझी, साखरपुडा तुझा. मोज."

पोरानं मायक्रोमीटर लावला. पहिला मोजला, लिहिला. दुसरा मोजला, लिहिला. तिसरा मोजला अन् थांबला. परत मोजला. "ताई, हा वेगळा येतोय. एमएमचा एक शतांश मोठाय."

"डबा एकच ना?"

"एकच."

"छापलेलं माप एकच ना?"

"...व्हय."

"मग?"

गडी मोबाइल काढायला गेला अन् मधीच थांबला. खिशात ठेवून दिला. "म्हंजी ज्या विहिरीत जो पिस्टन जायचा, ती त्याच्याच अंगाला बेतून कापायची. म्हणून तुम्ही म्हणत होता..."

"पिस्टन आधी टेबलावर!" दोघं एकदमच म्हणले. अन् बावीस वर्षांत पहिल्यांदा, तुम्हाला सांगतो, रूपाताईला वाटलं, आपलं म्हणणं एका तरी माणसाच्या टाळक्यात शिरलं! तिनं एकेका पिस्टनवर नंबर टाकला, एकेक विहीर त्याच्या मापाला कापली, तापल्यावर पिस्टन फुगतो म्हणून केसापेक्षा बारीक फट ठेवली, पाण्याचं प्रेशर दिलं. भिंती कोरड्या ठणठणीत! गाडी चालू झाली तेव्हा आवाज असा, की काकासाहेब म्हणले, "चालू आहे का बंद?"

जाताना तिनं इंद्रजीतला बजावलं. "पहिले हजार किलोमीटर पन्नासच्या वर न्यायची नाय. इंजिनावर लोड नको. पाणी, ऑइल बघत राहायचं. कुणी कितीबी म्हणू दे, ऐकायचं नाय." तो म्हणला, "जी ताई." अन् सगळ्या घरानं मिळून आग्रह केला, साखरपुड्याला तुम्ही दोघं नवरा-बायको आमच्या गाडीतच यायचं.

आले की हो! स्टेअरिंगवर इंद्रजीत, शेजारी काकासाहेब, मागं त्यांची बायको आशाकाकू, पैठणी नेसलेली रूपाताई अन् कोट घातलेले मास्तर. मुहूर्त अकराचा. सकाळी आठला निघाले. बीड रोड, चार पदरी, मोकळा... अन् गाडी पन्नासवर! एक्कावन्न नाय हो, पन्नास! इंजिनावर लोड नको म्हणून एसी बंद. दर पंधरा किलोमीटरला उतरून बॉनेट उघडायचं, पाणी बघायचं, ऑइल बघायचं, हात पुसायचे, परत बसायचं. टेम्पो गेला पुढं. वऱ्हाडाचं ट्रॅव्हल्स गेलं पुढं. एक आज्जी स्कूटीवर नातवाला घेऊन गेली पुढं. साडेदहाला मागनं हॉर्न वाजला, बाजूनं उसाचा ट्रॅक्टर, मागं ट्रॉली, त्यानंबी ओव्हरटेक केलं अन् जाता जाता विचारलं, "काय बिघडलंय का?"

गेवराईहून फोन. काकासाहेब म्हणतात, "निघालो हो केव्हाचे... पोचत नाय एवढंच."

शेवटी तेच मागं वळले. "ताई, तुमचंच ऐकंल त्यो. सांगा जरा."

रूपाताईच्या पैठणीची पार रया गेलेली, कपाळावरनं घाम. ती म्हणाली, "इंद्रजीत, जरा दाब बाबा. साठ कर. इंजिन मी केलंय, माझं मी बघते."

इंद्रजीतनं आरशातनं बघितलं, हसला अन् म्हणला, "नाय ताई. कुणी कितीबी म्हणू दे, म्हणलंय तुम्ही."

रूपाताईनं काच पूर्ण खाली केली, पदरानं वारा घेतला, अन् मास्तरांच्या कानात म्हणाली, "लग्नाला आपण एसटीनं येऊ."